लिनक्स: कुठून आले, का टिकले आणि आपल्या संगणकावर कसे बसवायचे

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय लागते आणि जुने प्रोसेसर ते अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे अजून चार-पाच वर्षे सहज चालले असते असे कितीतरी लॅपटॉप एकदम निकामी ठरवले गेले. अशा यंत्रावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त सिस्टिम, बसवणे हा आज सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे आणि तो अवघडही नाही. मात्र त्याच्याकडे ‘फुकटातले विंडोज’ म्हणून पाहिले की पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो. लिनक्सचे इतके प्रकार कशाला? सॉफ्टवेअर वाटेल त्या वेबसाइटवरून का उतरवायचे नाही? आख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरून कशी चालते? या सगळ्याची उत्तरे लिनक्स कसे जन्मले यात आहेत. म्हणून आधी तो इतिहास, मग बसवण्याचे काम.

आधी परवाना, मग कर्नल

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. १९७३ मध्ये ते सी भाषेत पुन्हा लिहिले गेले आणि मग ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे शक्य झाले. एका प्रोग्रामने एकच काम करायचे, ते चोख करायचे आणि असे छोटे प्रोग्राम जोडून मोठे काम साधायचे, ही युनिक्सची घडण लिनक्समध्ये आजही जशीच्या तशी दिसते. बेल लॅब्स ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, विद्यापीठांना नाममात्र दरात मिळे. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, बंधन उठले आणि युनिक्स हा विकायचा माल झाला.

दरवाजा बंद होत असताना एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जाईल, अशी सोय त्यांनी स्वतः केली होती. नवा लेझर प्रिंटर आला. पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळेना, म्हणून तीच साधी सोय नव्यात करता येईना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला: युनिक्ससारखी चालणारी, पण पूर्णपणे मुक्त सिस्टिम. प्रोग्राम हवा तसा चालवणे, वाचून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे ही चार स्वातंत्र्ये त्यांनी मांडली आणि ती टिकावीत म्हणून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. त्याची खुबी एका अटीत आहे. प्रोग्राम बदला, वाटा, विकलात तरी चालेल. पण दुसऱ्याला देताना सोर्स कोडही याच अटींवर द्यायचा. मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या माणसाकडून काढून घेता येत नाही.

१९९० पर्यंत जीएनयूकडे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा), एडिटर आणि शेल (आज्ञा घेणारा) तयार होते. नव्हता तो कर्नल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटप करणारा गाभा. जीएनयूचा स्वतःचा हर्ड हा कर्नल रखडला होता. त्याच वेळी हेलसिंकी विद्यापीठातला लिनस तोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर मिनिक्स वापरत होता. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेली ती छोटी सिस्टिम. तिचा कोड वाचता येई, पण ती मुक्तपणे बदलून वाटायला परवानगी नव्हती. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनसने कळवले की आपण एक मोफत सिस्टिम लिहीत आहोत, केवळ छंद म्हणून. जीएनयूइतकी मोठी ती होणार नाही. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती आली, सुमारे दहा हजार ओळींची. आज कर्नलच्या ओळी तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

निर्णायक वळण मात्र कोडचे नव्हते, परवान्याचे होते. लिनसच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ च्या सुरुवातीला त्याने ती काढली आणि कर्नल जीपीएलखाली आणला. त्याबरोबर जीएनयूची साधने आणि लिनक्सचा कर्नल एकत्र बांधून कोणालाही आपली सिस्टिम तयार करता येऊ लागली. बर्कली विद्यापीठातून आलेले बीएसडी हे युनिक्सचे रूप तेव्हा तांत्रिकदृष्ट्या पुढे होते. पण १९९२ मध्ये त्यावर खटला उभा राहिला, तो १९९४ पर्यंत चालला आणि लोक लिनक्सकडे वळले. १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती आली, तेव्हा लिनक्स छंदापुरते राहिले नव्हते.

आज अँड्रॉइड फोनच्या आत हाच कर्नल असतो आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. एवढ्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकच कर्नल बसतो, कारण ज्याला जे हवे ते त्यात घालायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचे भाग चालवणारा कोड, त्यात अजून आहे, तोही याच कारणाने: बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले तरी कोड उघडा आहे आणि तो सांभाळणारे कोणी ना कोणी असते.

कोणता डिस्ट्रो घ्यायचा

कर्नल, साधने, डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअरचे भांडार एकत्र बांधले की झाला डिस्ट्रो. पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आणि इयान मर्डॉक यांचे डेबियन हे दोन्ही १९९३ चे, आणि दोन्ही आजही चालू आहेत. डेबियनवरून २००४ मध्ये उबुंटू निघाले, उबुंटूवरून २००६ मध्ये लिनक्स मिंट. परवान्यानेच ही वंशावळ शक्य केली आहे आणि ती ठाऊक असण्याचा रोजचा फायदाही आहे: मिंटवर काही अडले आणि उत्तर उबुंटूसाठी लिहिलेले सापडले, तर ते बहुतेक वेळा तसेच लागू पडते. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोचे उत्तर मात्र मिंटवर चालेलच असे नाही, कारण तिथे पॅकेजची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, पद्धतच वेगळी.

विंडोजवरून येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. खाली डावीकडे मेनू, तळाशी पट्टी, खिडक्यांना नेहमीची बटणे. डोळ्यांना काही नवे शिकावे लागत नाही. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. यंत्राला ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, २ ते ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क एवढीच आहे, पण २ जीबीमध्ये आजचा ब्राउझर चार टॅबनंतर दमतो. जुन्या यंत्राची हार्ड डिस्क काढून एसएसडी घालणे हा कोणत्याही डिस्ट्रोपेक्षा मोठा बदल आहे; दोन्ही एकदम केलेत तर उत्तमच.

फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येकीला साधारण १३ महिने अपडेट देते. नवेकोरे हार्डवेअर असेल तर ते सोयीचे, कारण कर्नल ताजा मिळतो. आर्च हा शिकण्यासाठी चांगला, पहिल्या दिवसासाठी नाही. प्रोसेसर ३२-बिट असेल तर पर्याय फार कमी उरलेत: मिंटची मुख्य आवृत्ती ६४-बिटच आहे आणि डेबियननेही १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले.

विंडोजमध्ये असतानाच करायची कामे

पहिले काम बॅकअपचे. बाहेरच्या डिस्कवर फाइली कॉपी करा आणि त्यातल्या चार-दोन उघडून पाहा. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, बदलताना वीज गेली किंवा चुकीची डिस्क निवडली गेली, तर दुसरा कुठलाही उपाय नाही.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर आणखी तीन गोष्टी आवश्यक आहेत आणि बहुतेक अपघात या तिन्हींपैकी एक राहिल्याने होतात.

बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते न विचारताच चालू असते. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती की मागते आणि ती नसेल तर डेटा कायमचा कुलूपबंद होतो.

फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटण काय करते’ या पानावर ते सापडते. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे खरे तर अर्धे हायबरनेशन असते. डिस्क अर्धवट उघडी राहते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडते. ‘विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी यातूनच येते.

तिसरे, जागा मोकळी करणे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा आणि निदान ४० ते ५० जीबी सोडवा. डिस्कवर भरपूर जागा दिसते आणि तरी श्रिंक थोडीच जागा देते, असे झाले तर पेज फाइल किंवा हायबरनेशन फाइल मधेच बसलेली असते. ती तात्पुरती बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून मग श्रिंक करा. विंडोजचे पार्टिशन विंडोजनेच लहान करावे, ते जास्त सुरक्षित. मोकळी झालेली जागा तशीच राहू द्या, तिथे नवे पार्टिशन करू नका.

पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे आख्ख्या सिस्टिमची एकाच फाइलीतली प्रत, तीन जीबीच्या आसपास असते, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. फाइल उतरली की तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीचा ठसा) तपासा: ७-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ मेनूतून तो काढता येतो. ६४ अक्षरांची ओळ मिळेल. ती डाउनलोड पानाशेजारी दिलेल्या यादीतल्या ओळीशी जुळली पाहिजे. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडतात आणि मग इन्स्टॉलेशन ऐंशी टक्क्यांवर का अडकले याचा तासभर शोध घेतात. अर्धवट उतरलेली फाइल हे त्याचे नेहमीचे कारण.

आयएसओ नुसती कॉपी करून भागत नाही. ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. त्यासाठी एचर हा प्रोग्राम सोपा आहे, रुफस अधिक पर्याय देते. रुफसने ‘आयएसओ’ की ‘डीडी’ पद्धत असे विचारले तर आधी आयएसओ घ्या. त्याने बूट झाले नाही तर डीडीने पुन्हा लिहा. डीडीने लिहिल्यावर विंडोजला तो पेनड्राइव्ह ओळखता येत नाही आणि ‘फॉरमॅट करू का’ असे विचारते. नकार द्या. काम झाल्यावर पेनड्राइव्ह नेहमीसारखा करायचा असेल तर रुफसमधूनच फॉरमॅट होतो.

आधी चालवून पाहणे

संगणक सुरू होताना एफ१२, एफ२, एफ९, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक कळ बूट मेनू किंवा बायोस (संगणकाची मूळ सेटिंग्ज) उघडते; कंपनीगणिक ती बदलते. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या पुढे यूईएफआय (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिले आहे तो निवडा. आधीचे विंडोज यूईएफआयमध्ये असताना लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने बसवले, तर दोन्ही एका मेनूत येत नाहीत. सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची सहसा गरज नाही. मिंट, उबुंटू आणि फेडोरा यांचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) सही केलेला असतो.

दोन-तीन मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप उघडतो आणि डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलेले नसते. क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने २००० साली हीच पद्धत सीडीवरून लोकप्रिय केली. सिस्टिमच्या प्रती वाटायला मुभा आहे, चालवायला की लागत नाही, म्हणूनच असे आधी वापरून पाहता येते. या सोयीचा पुरता फायदा घ्या. वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा, ब्लूटूथ आणि टचपॅडवरचे दोन बोटांचे स्क्रोल पाहा. झाकण मिटून मिनिटभराने उघडा. झोपेतून न उठणारा लॅपटॉप हा आत्ताच कळलेला बरा. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तसे झाले तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळाले की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ तो ड्रायव्हर स्वतः शोधतो.

एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर इथेच पडदा काळा पडू शकतो. मिंटच्या बूट मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ अशी नोंद असते, ती निवडली की बहुधा काम होते. बसवून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पुन्हा काळा पडदा आला तर असे करा. यूईएफआय यंत्रावर सुरू होताच एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा; ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा मेनू दिसेल. पहिल्या ओळीवर असताना ई ही कळ दाबा. उघडलेल्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते आणि तिच्या शेवटाकडे ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द असतात. त्यांच्या पुढे एक जागा सोडून नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द सलग, लहान अक्षरांत टाइप करा आणि एफ१० दाबा. याने कर्नल ग्राफिक्स कार्डाचा मोड स्वतः बदलायला जात नाही आणि साध्या चित्रावर डेस्कटॉप उघडतो. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो. आत गेलात की ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला एनव्हिडिया ड्रायव्हर बसवा.

बसवणे

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’वर डबल क्लिक करा. भाषा आणि कळफलक निवडल्यावर ‘मल्टिमीडिया कोडेक’ची खूण जरूर करा, परवान्याच्या अटींमुळे ती मूळ आयएसओत नसतात आणि ती नसली की काही व्हिडिओ चालत नाहीत.

मग प्रश्न येतो जागेचा. संगणक पूर्ण लिनक्सला द्यायचा असेल तर ‘डिस्क पुसून बसवा’. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर त्याच पानावर एन्क्रिप्शन चालू करा, पण तो पासवर्ड विसरलात तर फाइली कोणालाही परत मिळवता येणार नाहीत. विंडोज ठेवायचे असेल तर ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय मोकळी सोडलेली जागा स्वतः वापरतो.

हा पर्यायच दिसत नाही, किंवा डिस्कच दिसत नाही, असे झाले तर बहुतेक वेळा बायोसमध्ये डिस्क जोडणारा साटा कंट्रोलर ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतो, तो ‘एएचसीआय’वर हवा. थेट बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून ‘सेफ बूट’वर खूण करा, पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग ती खूण काढा. या क्रमाने गेले की विंडोज योग्य ड्रायव्हर उचलते आणि दोन्ही सिस्टिम सुखाने नांदतात.

हाताने पार्टिशन करायचे असेल तर ‘समथिंग एल्स’ घ्या. मूळ सिस्टिमसाठी ईएक्सटी४ प्रकारचे ४० जीबी किंवा जास्त जागेचे पार्टिशन, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ (/). आधीचे ईएफआय पार्टिशन तेच वापरा, पण त्याच्या पुढची ‘फॉरमॅट’ची खूण रिकामी आहे ना ते दोनदा पाहा. विंडोजचा बूटलोडर तिथेच राहतो. रिकाम्या डिस्कवर ५१२ एमबीचे नवे ईएफआय पार्टिशन फॅट३२ मध्ये करा. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळे पार्टिशन आता लागत नाही, मिंट स्वॅप फाइल स्वतः बनवते. होम, म्हणजे तुमच्या फाइलींची जागा, वेगळे ठेवावे की नाही यावर मते अनेक आहेत. बॅकअप नियमित घेणाऱ्याला त्याची गरज नाही. न घेणाऱ्याला ते पुन्हा इन्स्टॉल करताना वाचवते, पण डिस्क बिघडली तर वेगळे होमही तिच्याबरोबरच जाते.

सिक्युअर बूट चालू असेल आणि बाहेरचे ड्रायव्हर लागणार असतील तर इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो. तो लक्षात ठेवा. पहिल्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीवर ‘एमओके मॅनेजमेंट’ नावाचा मेनू येतो आणि काही सेकंद थांबून निघून जातो. तिथे ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ असे करून तो पासवर्ड द्यायचा. हा पडदा घाबरून किंवा नकळत सोडून दिला तर ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, कारण त्याच्यावरची सही संगणक ओळखत नाही.

पहिला तास

सर्वांत आधी टाइमशिफ्ट उघडा आणि सिस्टिमचा एक स्नॅपशॉट (आत्ताच्या स्थितीची प्रत) घ्या, मगच अपडेट मॅनेजर चालवा. टाइमशिफ्ट होममधल्या तुमच्या फाइली घेत नाही. ते मुद्दाम तसे आहे, म्हणजे सिस्टिम मागे नेली तरी कालचे लिखाण मागे जात नाही. त्या फाइलींचा बॅकअप वेगळा घ्या.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ पुढे-मागे दिसते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ मानते, आणि दोघे एकमेकांचे बिघडवतात. टर्मिनल उघडून ‘टाइमडेटसीटीएल’, मग जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी’, मग जागा सोडून १ असे इंग्रजी लहान अक्षरांत लिहून (timedatectl set-local-rtc 1) एंटर दाबा. फक्त लिनक्स असेल तर हे करू नका.

देवनागरी लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नवी मांडणी जोडा. इन्स्क्रिप्ट आधीपासून आत असते. उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर आयबस (वेगवेगळ्या लिप्या लिहायचे साधन) आणि त्यासोबत एम१७एन हे पॅकेज बसवा.

सॉफ्टवेअर आणायचे कुठून

इथे विंडोजची सवय मोडावी लागते. कोड सर्वांसाठी खुला असल्याने डिस्ट्रोची माणसे तो स्वतः बांधतात, तपासतात, सही करतात आणि एका भांडारात ठेवतात. डेबियनने १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून एपीटी हे साधन दिले, जे एखाद्या प्रोग्रामला लागणारे बाकी सगळे भागही आपोआप आणते. मिंटचे ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ हे त्याचेच खिडकीतले रूप. एका अपडेटमध्ये सिस्टिम, ब्राउझर, ऑफिस सगळे ताजे होते, ते याच रचनेमुळे. म्हणून आधी तिथे शोधा, नंतर फ्लॅटपॅक (कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेज) पाहा, आणि कोण्या अनोळखी माणसाचे भांडार जोडणे हा अगदी शेवटचा पर्याय ठेवा. भलतीकडून आणलेली पॅकेज सहा महिन्यांनी अपडेट अडवतात.

इंटरनेटवर सापडलेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवण्याआधी ती काय करते ते वाचा. तिच्या सुरुवातीला ‘सुडो’ असेल तर ती संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालणार आहे आणि लिनक्स ‘नक्की ना’ असे विचारत बसत नाही. डिस्कवर थेट लिहिणारी डीडी ही आज्ञा तर विशेष जपून वापरावी. डिस्कचे एक अक्षर चुकले की पेनड्राइव्हऐवजी आतली डिस्क पुसली जाते.

काय चालणार नाही हेही आधी जाणून घ्या. फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे डेस्कटॉप प्रोग्राम लिनक्ससाठी निघत नाहीत. त्यांच्या जागी गिंप, क्रिटा आणि लिबरऑफिस आहेत. रोजच्या कामाला पुरतात, पण ज्याचा पगार फोटोशॉपच्या फाइलींवर आहे त्याने विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे. वर्डमध्ये केलेला मजकूर लिबरऑफिसमध्ये पानाबाहेर सरकतो तो बहुतेक वेळा फाँटमुळे. कार्लिटो हा फाँट कॅलिब्रीच्या आणि कॅलाडिया कँब्रियाच्या मापाचाच केलेला आहे. ते दोन बसवले की ओळी जागेवर येतात. खेळांसाठी व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेले प्रोटॉन विंडोजचे असंख्य खेळ चालवते. फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या कर्नलमध्ये शिरणारे काही ऑनलाइन खेळ मात्र चालत नाहीत.

अडले तर

अपडेटनंतर वायफाय किंवा आवाज गेला तर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो, तो निवडून सुरू करा. त्यावर सगळे चालले तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे हे नक्की झाले, आणि पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावर काम करता येते. डेस्कटॉपच उघडत नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करून तिथल्या टाइमशिफ्टने मागचा स्नॅपशॉट परत आणा.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब नाहीसे होऊन थेट विंडोज उघडू लागले, तर लिनक्स पुसले गेलेले नसते. बायोसच्या बूट क्रमात विंडोज वर गेलेले असते. लिनक्सची नोंद पुन्हा पहिली करा. नोंदच नसेल तर मिंटच्या लाइव्ह मेनूत ‘बूट रिपेअर’ आहे, ती बहुतेक प्रकरणे सोडवते.

नव्या मोठ्या आवृत्तीवर जायची घाई नको. जुनीला अपडेट येत आहेत तोवर ती सुरक्षित आहे. जायचे ठरवलेत तर आधी स्नॅपशॉट, मग फाइलींचा बॅकअप, मग बाहेरून जोडलेली सगळी भांडारे ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये बंद करा, कारण अपग्रेड अडते ते बहुधा त्यांच्यापाशीच. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या आणि पूर्ण होईपर्यंत झाकण मिटू नका.